पंधरा मिनिटांचा परदेश

परदेशातील एखाद्या तळ्याकाठच्या डोंगरी गावी चार दिवस निवांत राहावे, या हेतूने निघालेल्या मराठी प्रवाशांच्या घोळक्यात जो एक गृहस्थ हटकून आढळतो, त्याला प्रस्तुत विवेचनात ‘विश्रांतीचा व्यवस्थापक’ असे म्हटले आहे. साठी ओलांडलेला, बँकेतून अथवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आणि मंडळींत ‘काका’ या एकाच नावाने ओळखला जाणारा हा इसम वाचकांच्या चांगल्या परिचयाचा असल्यामुळे त्याची कानटोपी, गुडघ्याचा पट्टा आणि चिवड्याचे डबे यांचे वर्णन येथे गाळले आहे. विश्रांती आपोआप लाभत नसून ती इतरांकडून करवून घ्यावी लागते, हा त्याचा सिद्धांत, आणि त्या सिद्धांताचे प्रात्यक्षिक नेपाळमधील पोखरा येथे विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते.

पोखरा हे फेवा तालाच्या काठी वसलेले शहर असून, ‘ताल’ म्हणजे नेपाळीत तळे. तळ्यालगतच्या बैदाम या भागाला प्रवासी ‘लेकसाइड’ म्हणतात, आणि तेथे येणाऱ्याने काही न करता बसून राहावे यापलीकडे त्या जागेची अपेक्षा नाही. भारतीयांना येथे येण्यास व्हिसा लागत नाही, हिंदी बहुतेकांना समजते, जेवणात डाळभात मिळतो. तेव्हा हा परदेश आहे याचा भरभक्कम पुरावा काय, असे कोणी विचारल्यास घड्याळाकडेच बोट दाखवावे लागते. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर, तर नेपाळची १९८६ पासून गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या ८६ अंश १५ मिनिटे रेखांशावर आधारलेली असल्यामुळे नेपाळची घड्याळे भारताच्या पंधरा मिनिटे पुढे असतात.

काकांना ही पंधरा मिनिटे मान्य नसतात. एका भारतीय रुपयास १.६० नेपाळी रुपये हा ठरलेला दर ते विनातक्रार स्वीकारतात, म्हणजे पैशातील फरक त्यांना चालतो, पण वेळेतील चालत नाही. मोबाइलने परस्पर वेळ बदलून घेऊ नये म्हणून त्यांनी सीमेवरच त्याची सोय केलेली असते, आणि मुक्कामाचे वेळापत्रक ते भारतीय वेळेने लिहितात. त्यात ‘६.३० ते ७.३० : तळ्याकाठी निवांत बसणे’ अशी नोंद असते, आणि तिच्याखाली ‘७.३० : निवांत बसणे समाप्त’ अशीही. न्याहारीला सारे आठाला जमतात, काका सव्वाआठला येतात आणि उतावळेपणाबद्दल सर्वांची कानउघाडणी करतात. सारंगकोटच्या टेकडीवरून सूर्योदय पाहण्यासाठी ते टॅक्सीवाल्याला पहाटे साडेचारची वेळ देतात, परंतु ती कोणत्या देशाची हे सांगत नाहीत, आणि त्यामुळे टॅक्सीवाल्याला जी पाव तास झोप मिळते ती बहुधा त्या संपूर्ण सहलीत कोणालाही मिळालेली एकमेव खरी विश्रांती असते. डुंग्याच्या, म्हणजे तेथील होडीच्या, भाड्यावरूनही ते वाद घालतात. तास दोन्ही देशांत साठ मिनिटांचाच असतो, हे नावाड्याने सौम्यपणे पटवून दिल्यावर मात्र त्यांना त्या दिवसापुरते गप्प बसावे लागते.

समोर ६,९९३ मीटर उंचीचा माछापुच्छ्रे, म्हणजे माशाच्या शेपटीसारखा दिसणारा पर्वत, उभा असतो. १९५७ साली गिर्यारोहकांची एक तुकडी त्याच्या शिखराच्या जेमतेम पन्नास मीटर खाली पोहोचली आणि शिखरावर पाय ठेवणार नाही असा शब्द दिलेला असल्यामुळे तेथूनच मागे फिरली. हे ऐकून मंडळी क्षणभर निःशब्द होतात. काका मात्र ती तुकडी किती वाजता फिरली असे विचारतात, आणि त्या साली नेपाळची अधिकृत वेळ भारताइतकीच होती असे कळताच, तेव्हाचे लोक शब्दालाही पक्के होते आणि वेळेलाही, असा निर्वाळा देतात.

येथवर चित्र हास्यास्पद दिसते खरे, परंतु न्यायबुद्धीने पाहता दोन गोष्टी नोंदवणे भाग आहे. पहिली अशी की, पोखरा साधारण ८४ अंश रेखांशावर आहे, आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथील सूर्य भारतीय घड्याळापेक्षा सहा मिनिटे पुढे, तर नेपाळी घड्याळापेक्षा नऊ मिनिटे मागे चालतो. म्हणजे सूर्याला साक्षीला बोलावल्यास तो काकांच्या बाजूने, थोड्या फरकाने का होईना, उभा राहील. हे काकांना ठाऊक नसते, आणि कोणी सांगतही नाही, कारण त्यानंतरचे चार दिवस कसे जातील याची सर्वांना कल्पना असते.

दुसरी गोष्ट सहलीनंतर छायाचित्रे पाहताना लक्षात येते. ऑक्टोबरअखेरच्या पहाटे सव्वासहाच्या सुमारास शिखरे गुलाबी होतात, तळ्यात त्यांचे प्रतिबिंब उतरते आणि सारी मंडळी गच्चीवर ओळीने उभी राहते. त्या प्रत्येक छायाचित्रात काका कडेला, पर्वताकडे पाठ करून आणि फोन कानाला लावून उभे दिसतात. नेपाळात सव्वासहा वाजतात तेव्हा मिरजेत सहा वाजलेले असतात, आणि मिरजेत सहाला नव्वदीची आई उठते. तिला कमी ऐकू येते, गोळी घेतली का हे तीनतीनदा विचारावे लागते, आणि मुलगा कोणत्या देशात आहे हे तिच्या लक्षात राहत नसले तरी फोन सहाला येतो हे राहते. माछापुच्छ्रे गुलाबी झालेला काकांनी पाहिलेला नाही.

परतीच्या प्रवासात सुनौलीची सीमा ओलांडल्यावर सगळेजण आपापली घड्याळे पंधरा मिनिटे मागे घेतात. काकांना काही करावे लागत नाही.