वृद्ध संगणकाचा जीर्णोद्धार : काही शास्त्रोक्त नियम

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा आहे. त्यामुळे 2012 साली घेतलेल्या संगणकास कोणी जुना म्हटल्यास तेथील गृहस्थाच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील संगणक-जीर्णोद्धाराचे शास्त्र या आठ्यांपासूनच सुरू होते. चिरंजीव खेळांसाठी नवा संगणक मागतात, गृहस्थ ‘अजून चालतोय ना!’ हे सूत्र उच्चारतात, आणि मातोश्रींच्या मध्यस्थीने ग्राफिक्स कार्डावर तडजोड होते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्र रेखाटण्याचे काम मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरवून घेणारी, स्वतःची मेमरी व बहुधा स्वतःचा पंखा बाळगणारी पाटी होय.

प्रथम पात्रता पाहावी. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेस नावाची लांब खाच असेल तर पुढे जावे. त्याआधीची, 1997 साली आलेली एजीपी खाच असेल तर संगणकास नमस्कार करून पुन्हा कव्हर घालावे. मॉनिटर जुना, निळ्या व्हीजीए केबलचा असल्यास हे ध्यानी ठेवावे की 2016 नंतरच्या बहुतेक कार्डांना ते तोंडच नसते, त्यामुळे एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर त्याच दिवशी घ्यावा, म्हणजे दुसऱ्या रविवारचा वादविवाद टळतो. जुन्या बोर्डाला नवे कार्ड ओळखता यावे म्हणून कधीकधी बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम जागा होणारा अंगभूत प्रोग्राम, अद्ययावत करावा लागतो. हे काम वीज जाऊन अर्धवट राहिल्यास बोर्ड कायमचा झोपू शकतो, म्हणून आभाळ भरून आले असता या पट्ट्यात कोणीही बायोसला हात लावू नये.

यानंतर एसएमपीएसचे प्रकरण येते. एसएमपीएस म्हणजे घरातील वीज घेऊन संगणकाच्या अवयवांना लागेल तशी वाटून देणारी पत्र्याची पेटी. ती कॅबिनेटबरोबर फुकट आलेली असते आणि फुकट आलेल्या वस्तूवर गृहस्थाची अढळ श्रद्धा असते. तिच्यावर 450 वॅट असे ठळक छापलेले असले तरी तो आकडा वाचू नये. खालच्या बारीक अक्षरांत बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते शोधून त्यास बाराने गुणावे. सोळा अँपिअर असल्यास गुणाकार 192 वॅट येतो, आणि कार्ड व प्रोसेसर या दोघांचा उदरनिर्वाह मुख्यतः त्यावरच व्हायचा असतो. पेटी हातात घेऊन पाहावी; पोकळ नारळासारखी हलकी लागली तर छापील अँपिअरवरही विसंबू नये. खाचेतून कार्डास जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, म्हणून जीटीएक्स 1050 टीआय (2016) किंवा जीटीएक्स 1650 (2019) यांचे वेगळी वीजजोडणी न मागणारे प्रकार जीर्णोद्धारकांस प्रिय आहेत. याहून मोठे कार्ड हवे असल्यास एसएमपीएस बदलावाच लागतो, आणि हे वाक्य गृहस्थास कितीही वेळा सांगितले तरी ते ‘आधी लावून तर बघू’ असेच म्हणतात. मग लावून बघतात. मग ऐन खेळात संगणक बंद पडतो, आणि दोष कार्डाला दिला जातो. 600 व्हीए लिहिलेला यूपीएसही बहुधा 360 वॅटच्या आसपासच भार पेलतो, परंतु हा विषय घरात त्याच दिवशी काढू नये.

खरेदीसाठी उल्हासनगरची दुकाने हाताशी असूनही गृहस्थ मुंबईस लॅमिंग्टन रोडला जातात, कारण बदलापूर सीएसएमटीपासून 68 किलोमीटर असल्याने तेवढे अंतर कापून आणलेली वस्तू स्वस्तच असली पाहिजे असा सिद्धान्त आहे. उल्हासनगरच्या नकली मालाविषयीचे जुने विनोद या प्रकरणी अन्यायकारक ठरतात. जुन्या चिपवर खोटे नाव चढवलेली कार्डे ऑनलाइन घरबसल्याही मिळतात. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम चालवला की अशा पुष्कळ कार्डांच्या नावाआधी तो ‘फेक’ असे छापतो. जुने कार्ड घेताना दुकानातच तो चालवण्याचा आग्रह धरावा. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचे मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांना रात्रंदिवस राबवून आभासी चलन मिळवण्याचा उद्योग, बंद झाले आणि तेथून निवृत्त झालेली कार्डे बाजारात आली. ‘फक्त घरी वापरलेले’ या शब्दांपेक्षा पंख्याचा आवाज ऐकावा.

परतीचा प्रवास हा या शास्त्राचा सर्वांत कठीण भाग होय. दादरला बदलापूर लोकलमध्ये खोके छातीशी धरून चढावे व ‘जरा वर ठेवा’ एवढेच म्हणावे. खोके चार अनोळखी हातांतून निमूटपणे रॅकवर पोचते आणि ठाणे येईपर्यंत त्याची किंमत, मॉडेल व ‘त्यापेक्षा तुम्ही हे घ्यायला हवं होतं’ हा अभिप्राय विनामूल्य मिळतो. चौथ्या सीटवर अर्धे टेकलेल्या सद्गृहस्थाचा भाचा याच क्षेत्रात असतो. त्याचा सल्ला एसएमपीएस बदलण्याचाच असतो, आणि तो बरोबर असतो.

प्रत्यक्ष प्रतिष्ठापनेपूर्वी वायर काढून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. आतील धूळ मऊ ब्रशाने काढावी. या पट्ट्यातील पावसाळी दमटपणामुळे जुन्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपटपणा आला असल्यास शाळकरी खोडरबराने त्या हलक्या हाताने पुसाव्यात. दुरुस्तीवाल्यांचा हा उपाय खरोखर लागू पडतो. कार्ड खाचेत सरळ दाबावे, टोकाची कडी ‘टक’ वाजू द्यावी, आणि स्क्रू आवळावा, कारण स्क्रूवाचून कार्ड हळूहळू खाली झुकते. शेवटी मॉनिटरची केबल कार्डालाच लावावी. ती सवयीने मदरबोर्डच्या जुन्या तोंडाला लावली जाते, पडदा काळा राहतो किंवा खेळ पूर्वीइतकाच रखडतो, आणि फसवणुकीची तक्रार घेऊन दुकानदाराला फोन जातो. फोनवर दुकानदार पहिला प्रश्न केबलचाच विचारतो.

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नियमित मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि 2012 चा प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत बसत नाही, तेव्हा गृहस्थांचे सूत्र फार काळ टिकणारे नाही. तरीही कार्ड घ्यावे, कारण ते उद्याच्या नव्या संगणकातही चालेल. मात्र चार पैसे वाचवण्यासाठी चिठ्ठीवर व्यवहार न करता पक्के बिल घ्यावे; वॉरंटीसाठी दुकानदार तेच मागतो.