हातगुण

डावा खांदा आखडल्याचं मला पहिल्यांदा कळलं ते लाडवांच्या डब्यामुळे. फडताळाच्या वरच्या फळीकडे निघालेला हात खांद्याच्या रेषेत आला आणि ट्रॅफिक हवालदारासारखा आडवाच राहिला. "चला, खांद्याला तरी अक्कल आहे," असं बायको म्हणाली. माझ्या साखरेच्या आकड्यांवर तिचं बारीक लक्ष असतं.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एमआरआय संगणकावर मोठा करून पाहिला, पुढेमागे सरकवून पाहिला. खुद्द खांदा दीड फुटावर शर्टाच्या आत हजर होता, त्याला काही कुणी बोलावलं नाही. "फ्रोझन शोल्डर. मधुमेह असला की जास्त होतो. वर्ष-दोन वर्षांत सुटेल, फिजिओथेरपी सुरू करा." निदान अचूक होतं, हे कबूल. चार मिनिटांत मी बाहेर.

मग वहिनी आल्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्या रेकी शिकल्या. (आमच्याकडे निवृत्त माणूस होमिओपॅथी, रेकी किंवा सोसायटीचं सेक्रेटरीपद यांपैकी कशाच्या तरी नादी लागतोच. त्यात रेकी सगळ्यांत निरुपद्रवी.) पहिला महिनाभर त्यांनी दादाच्या स्कूटरला, मनीप्लँटला आणि नीट न लागणाऱ्या विरजणाला रेकी दिली. स्कूटर शेवटी प्लग बदलल्यावर सुरू झाली. दही मात्र लागलं, असं दादा दबक्या आवाजात सांगतो.

"भावजी, साखरेची गोळी घेतलीत ना? मग आडवे व्हा. आणि तो मोबाइल बाहेर ठेवा."

आडवा झालो. आधी डोळ्यांवर हात, मग कानांवर, मग मानेखाली आणि शेवटी खांद्यावर. एकेका जागी तीन ते पाच मिनिटं. चोळणं नाही की दाबणं नाही. पोराला ताप आहे का ते बघायला आई कपाळावर ठेवते तसा हात, फक्त तो उचलायची घाई नाही. तळव्यांना हिंगाचा वास येत होता. आमटी फोडणीला टाकून तशाच आल्या असाव्यात.

"काही जाणवतंय?"

"गरम वाटतंय."

"तीच ऊर्जा."

मे महिना होता आणि वीज गेलेली होती. मी गप्प राहिलो.

हे प्रकरण मूळचं जपानी. मिकाओ उसुई नावाच्या गृहस्थांनी १९२२ साली क्योटोजवळच्या कुरामा पर्वतावर २१ दिवस उपवास केला आणि तिथं त्यांना ही विद्या गवसली, असं सांगतात. राग नको, काळजी नको, हे त्यांचे नियम आपल्याला काही नवे नाहीत. पण उसुईंनी त्याला 'आजच्या दिवसापुरतं' अशी सवलत जोडली, ती मला फार व्यवहारी वाटते. आपल्याकडे एकदम जन्मभराचा क्रोध सोडायला सांगतात, आणि तो निश्चय भाजीवाल्यापर्यंतही टिकत नाही. पुढे हवाईत जन्मलेल्या हवायो ताकाता या बाईंनी ती विद्या अमेरिकेत नेली. मास्टर व्हायची त्यांची फी होती १०,००० डॉलर. विश्वातली ऊर्जा फुकट असली तरी वाहतूक खर्च लागतोच.

अमेरिकेत याच जातीची 'थेरप्युटिक टच' नावाची पद्धत आहे. नावात स्पर्श असला तरी हात अंगापासून काही इंच वरूनच फिरवतात. एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी असे २१ जाणकार बसवले. पडद्याआड त्यांचे दोन्ही तळवे, आणि त्यांतल्या एकावर ही आपला हात धरणार. कुठल्या तळव्यावर माझा हात आहे ते ऊर्जेवरून ओळखा! २८० प्रयत्नांत ४४ टक्के उत्तरं बरोबर आली. छापा-काटा केला असता तर निम्मी तरी आली असती. हे १९९८ साली अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेच्या नामांकित नियतकालिकात छापून आलं.

मी ते वहिनींना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. त्या पोरीचा खांदा कुठे दुखत होता?"

यावर उत्तर शोधताना मला दुसराच एक अभ्यास सापडला. २०११ सालचा, केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांचा. काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्यासोबत रेकी आणि काहींना चक्क खोटी रेकी. म्हणजे हात तसेच ठेवायचे, पण ठेवणारी व्यक्ती रेकी न शिकलेली. खऱ्या रेकीनं रुग्णांना बरं वाटलं. खोट्या रेकीनंही वाटलं. ऊर्जेची बाजू इथं लंगडी पडते, हे उघड आहे. हाताची पडत नाही.

आपल्याकडे याला शब्द आहे: हातगुण. आमच्या लहानपणच्या डॉक्टरांना तो होता. पोट दाबत, पाठीवर टकटक करत, "इथं? का इथं?" असं विचारत ते अख्ख्या अंगाची चौकशी करायचे. कंपाउंडरनं दिलेलं ते लाल औषध बहुधा सगळ्यांना एकच असावं. आणि पाठीवरून हात फिरवणारी आजी! कातडीत काही मज्जातंतू असे आहेत की सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा संथ स्पर्शालाच ते सर्वांत चांगली दाद देतात, असं संशोधक आता सांगतात. आजी एकीकडे दुसऱ्या दिवशीच्या भाजीचा विचार करत बरोबर त्याच वेगानं हात फिरवायची.

सात महिने झाले. सोमवारी आणि गुरुवारी फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या डोळ्यांत पाणी आणते. मंगळवारी पाच वाजता वहिनी येतात, आणि हल्ली मोबाइल मी न सांगता बाहेर ठेवतो. हात आता कानाच्या वर चार बोटं जातो. ते श्रेय व्यायामाचं, असं वहिनीच सांगतात. लाडवांचा डबा बायकोनं मध्यंतरी माळ्यावर हलवला आहे.