खात नाई, तं पायता काहून?

भातकुलीकडे विहीर खणली की पाणी लागतं, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. पाणी खारं निघतं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून पूर्णेच्या खोऱ्यात सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे, आणि आम्ही त्यात राहतो. विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजवायची तर तिची मनधरणी करावी लागते. त्याच पाण्याचा चहा पाहुण्याला दिला, तर पहिल्या घोटाला तो घरच्या बाईकडे जरा संशयानं पाहतो. अशा मुलखातल्या माणसाला गोड्या पाण्याचं तळं दिसलं, की पाय आपोआप थांबतात. कोल्हापूरच्या किंवा कोकणातल्या माणसाला हे समजायचं नाही. त्यांच्याकडे पाणी हा कौलांचा प्रश्न असतो.

पण तळ्याकाठी नुसतं बसण्याची सोय आमच्या मुलखात नाही. एकटा माणूस पाण्याकडे पाहत बसलेला दिसला, की कुणीतरी सायकल थांबवून येतो आणि विचारतो, ‘‘घरी सगळं बरं हाय नं, भाऊ?’’ सगळं बरं आहे म्हटलं तरी तो जात नाही. आपण उठून रस्त्याला लागेपर्यंत तिथंच उभा राहतो. त्याचा काळजी करण्याचा हक्क आम्हाला मान्य आहे. दिवसच तसे आहेत. म्हणून आम्ही तिघा मित्रांनी तीन कारणं वाटून घेतली. माझ्या रक्तात साखर निघाली होती, तेव्हा मी चालायला जातो असं ठरलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते आणि हजेरी घ्यायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी पक्षी घेतले. बापूंनी मासे घेतले. बापूंना कारणाची गरज नव्हती, पण खाण्याची गोष्ट ते कधी सोडत नाहीत.

चालणं, पक्षी आणि मासेमारी हे तिन्ही छंद तळ्याकाठचेच. पण ते एकाच वेळी, एकाच काठावर करता येत नाहीत. मी चाललो की पक्षी उडतात. गुरुजींना पक्षी दिसला की ते ‘‘हलू नका!’’ म्हणून ओरडतात, आणि त्यामुळे मासे जातात. बापूंना शांतता लागते, पण पाणकावळा दिसला की तेच खडे मारतात. या सगळ्यावर टिटवी असते. आम्ही गाडीतून उतरायच्या आत ती साऱ्या तळ्याला आमची नावं सांगून मोकळी होते.

पहिला प्रसंग गावाजवळच्याच एका तलावावर घडला. गुरुजींच्या मते पक्षी पाहायचे तर उजाडायच्या आधी पोचलं पाहिजे. त्याप्रमाणे डिसेंबरच्या धुक्यात आम्ही पाळीवर चढलो. गुरुजींच्या गळ्यात दुर्बीण, हातात वही, डोक्यावर खाकी टोपी. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावून पलीकडच्या बाभळीच्या रांगेवर फिरवली मात्र, त्या झाडोऱ्यातून एक माणूस टमरेलासकट उठला. मग दुसरा. मग आणखी काही, धोतर सावरत. कुणीतरी खच्चून ओरडलं, ‘‘गुड मॉर्निंगवाले आले, पया!’’

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झालं आणि पुढे उघड्यावर बसणाऱ्यांना पहाटे गाठणारी गुड मॉर्निंग पथकं गावोगाव फिरू लागली. बाकी महाराष्ट्राला गाडगेबाबा म्हणजे भिंतीवरचं चित्र. आमचे ते घरचेच. भातकुली तालुक्यातल्या ऋणमोचनला पूर्णेकाठी त्यांनी घाट बांधवला, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. तेव्हा त्यांच्या नावाचं पथक आलं म्हटल्यावर आमच्याकडे जरा जास्तच पळापळ होते. त्या दिवशी गुरुजींच्या वहीत पक्ष्यांच्या रकान्यात काहीही नोंद झाली नाही.

मंडळी लांबून पाहत होती. हे लोक पावतीपुस्तक काढत नाहीत असं दिसल्यावर एक आजोबा परत आले.

‘‘काय पायता जी, गुरुजी?’’

‘‘पक्षी.’’

‘‘खाता काय?’’

‘‘नाही, नाही!’’

‘‘खात नाई, तं पायता काहून?’’

गुरुजींनी बत्तीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलं होतं. त्यांना उत्तर सुचलं नाही. मेळघाटात वनखात्यात नोकरी केलेल्या मारुती चितमपल्लींचं नाव घेऊन त्यांनी सुरुवात केली, ‘पक्षीकोश’पर्यंत पोचले, तोवर आजोबांनी बापूंच्या हातातली गरी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. पाण्याशी काम असलेला निदान एक माणूस त्यांना भेटला होता.

पण बापूंचं पुढे जे झालं ते पाहता त्यांनाही माणसात धरता येत नाही. तलाव सरकारी असला तरी त्यातला मासा सरकारी नसतो, हे बापूंना कुणी सांगितलं नव्हतं. मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो. रोहू, कटला, मृगळ हे साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. म्हणून सोसायटी मत्स्यबीज विकत आणते, बोटुकली दरवर्षी तलावात सोडते आणि राखण ठेवते. थोडक्यात, बापू ज्याला निसर्ग समजत होते त्यावर खर्च झाला होता आणि तो वहीत मांडलेला होता. दोन तास गरी टाकून बसल्यावर मागून एक भोईकाका आले. रागावले नाहीत. कणकेची गोळी पाहून त्यांना वाईटच वाटलं असावं.

‘‘साहेब, याच्यात खेकडाही येनार नाई. किती पायजे मासोळी? सकाळी घरी या, तोलून देतो. थंडीत बसता काहून?’’

म्हणजे ‘काहून’ इथंही आलंच. भोईकाकांनी खाली बसून बापूंना शिकवलं, की कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघं एकाच तळ्यात राहतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. माझ्याकडे आणि गुरुजींकडे पाहून बापू म्हणाले, ‘‘मासे बरे.’’ तेव्हापासून बापू मासा विकत घेतात आणि गरी बरोबर आणतात. पाणकावळ्यावरचा त्यांचा राग मात्र वाढला आहे. पाणकावळा बुडी मारतो, मासा गिळतो, ठुंठावर पंख पसरून वाळवत बसतो, आणि त्याला कुणी ठेका विचारत नाही.

माझ्या चालण्याची कथा छोटी आहे. आमच्या काळ्या मातीत एक शिंतोडा पडला, की चार पावलांत प्रत्येक बुटाचं वजन किलोभर होतं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यात पहिल्या फर्लांगातच संपतो. म्हणून मग अमरावतीला छत्री तलावावर जाऊ लागलो. वडाळी आणि छत्री हे इंग्रजांच्या काळात शहराला पाणी पाजण्यासाठी बांधलेले तलाव. आता तिथं लोक स्वतः काढलेले फोटो पाहायला येतात. मागे पोहरा-मालखेडचं जंगल लागतं, त्यामुळे त्या भागात बिबट्याही फिरतो. तो उन्हाआधी येतो आणि इअरफोन लावत नाही. त्या दोन बाबतींत चालणाऱ्या मंडळींनी त्याच्याकडून घेण्यासारखं आहे. अकोल्याच्या बाजूला पातूर रस्त्यावर कापशीचा तलाव आहे, मोर्शीकडे सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे, त्याला नल-दमयंती सागर म्हणतात. तिथं चालायला गेलो तर साखर उतरते, पण पेट्रोल चढतं.

एवढं सगळं असून आम्ही जातो, त्याचं श्रेय केकतपूरच्या तलावाला. हिवाळ्यात तिथं पट्टकादंब येतात. तिबेट-मंगोलियाकडचे हे हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. त्यांना यंत्र बांधून शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा हिमालय ओलांडताना ते सात हजार मीटरहून वर गेल्याचं दिसलं. बापू घरून बसस्टँडपर्यंत चालत जात नाहीत. पण एका सकाळी थवा उतरला तेव्हा बापूंनी खडा उचलला नाही, मी पाय उचलला नाही आणि गुरुजींनी मोजता मोजता आकडा सोडून दिला. शेजारच्या शेताचा मालक तेवढा बोलत होता. त्याचं म्हणणं, ही पाखरं इतक्या लांबून आमच्या मुलखात येतात ती त्याचा हरभरा खायला, आणि पंचनाम्यात हिमालय लिहिता येत नाही. त्याचंही बरोबर होतं. गुरुजींनी त्याला दुर्बीण दिली. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं दुर्बीण परत केली आणि विचारलं, ‘‘उद्या येनार काय?’’

‘खाता काय’ असं त्यानं विचारलं नाही, हे गुरुजी अजून सांगतात.

तुम्हाला यायचं असेल तर पौषात या. पौषातल्या रविवारी ऋणमोचनला यात्राही भरते, एका खेपेत दोन्ही कामं होतील. भडक शर्ट नको, मोबाइलवर गाणी नकोत. पहाटे तळ्यावर जाताना दुर्बिणीआधी तोंडानं राम राम घाला, म्हणजे कुणी उठून पळणार नाही. जेवण आमच्याकडे करा. पिण्याचं पाणी मात्र घरून आणा.