विषय हार्डडिस्क

पंचगंगा आज किती फुटांवर आहे, हे कोल्हापुरात पाऊसकाळात कुणालाही विचारा. राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. पाणी इशाऱ्याकडे सरकलं की शाहूपुरीतले व्यापारी माल वरच्या मजल्यावर चढवतात, चिखली-आंबेवाडीची माणसं गोठ्यातली जनावरं सोडून उंचावर नेतात. म्हशीचं कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेनं, कुणाच्या दारात स्थलांतर करायचं हे ठरलेलं असतं. दवाखान्यातल्या सर्व्हरचं मात्र काहीच ठरलेलं नसतं.

हा सर्व्हर कुठे असतो? तळमजल्यावर, जिन्याखाली. एका अंगाला चपलांचा स्टँड, दुसऱ्या अंगाला यूपीएसच्या बॅटऱ्या. वरच्या मजल्यावर हलवा म्हटलं तर तिथं डिलक्स रूम आहे, आणि डिलक्स रूमला दिवसाचं भाडं येतं. सर्व्हर बिचारा भाडं देत नाही. त्याच्या पोटात दहा-बारा वर्षांचे डिस्चार्ज कार्ड, रक्तगट, औषधांच्या ॲलर्जी आणि कुणाच्या हृदयात कधी स्टेंट बसवली त्याची नोंद असते, एवढंच.

अशा ठिकाणी होणारा संवाद साधारण असा:

"डॉक्टर, बॅकअप हाय नव्हं?"

"हाय की! रोज रात्री आपोआप होतोय."

"कुठं?"

"डी ड्राईव्हला."

म्हणजे त्याच डब्यात, त्याच डिस्कवर, शेजारच्या कप्प्यात. डबा बुडाला की सी आणि डी दोघंही हातात हात घालून जलसमाधी घेणार.

जरा पुढारलेल्या हॉस्पिटलात मिररिंग असतं. एका डिस्कवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवर उमटतं. एक डिस्क गचकली तरी दुसरीवर ओपीडी चालू राहते, आणि त्यासाठी ही सोय खरंच उत्तम. पण आरसा इमानी असतो. रिसेप्शनवरच्या मुलीनं चुकून एखाद्याची फाईल पुसली, तर आरसाही ती त्याच तत्परतेनं पुसतो. व्हायरसनं पहिल्या डिस्कला कुलूप घातलं की दुसरीलाही तेच कुलूप. म्हणून मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप म्हणजे कालची, परवाची, गेल्या महिन्याची प्रत, आणि तीही अशी बाजूला काढून ठेवलेली की आजची चूक तिच्यापर्यंत पोचूच नये. विकणारा हे सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही, कारण डेमोच्या दिवशी दोघांचंही लक्ष बिलाच्या रंगीत प्रिंटवर असतं.

कोल्हापूरकरांना खरं तर हे कळायला हवं होतं. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले, ते शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून दुसऱ्या वाटेनं गेले म्हणून. दोन्ही पालख्या एकाच वाटेनं निघाल्या असत्या तर? आपल्याकडे दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच प्लगवर, एकाच छपराखाली असतात, आणि मालक अभिमानानं सांगतात, "डबल सिस्टीम हाय!"

डिजिटल कामात एक जुना हिशेब सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. यातला 'दुसऱ्या गावात' हा शब्द आपण पार पाहुणचाराच्या अंगानं घेतला. एक हार्डडिस्क मेव्हण्याकडं इचलकरंजीला, एक साडूकडं सांगलीला. इचलकरंजी त्याच पंचगंगेच्या काठावर, सांगली कृष्णेच्या, आणि या दोन्ही नद्या पुढं नृसिंहवाडीला गळाभेट घेतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा कृष्णाकाठही पाण्यातच होता. साडू, मेव्हणा आणि डॉक्टर तिघंही एकाच आठवड्यात गच्चीवर.

"मग क्लाऊडवर टाकूया," असं आता सगळे म्हणतात. टाकावंच. मुंबई-पुण्यात मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटरं आहेत आणि तिथं पंचगंगा पोचत नाही. पण २०१९ च्या त्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, पेट्रोलला रांगा होत्या, वीज गेली होती आणि मोबाईलची रेंज देवाच्या भरवशावर होती. अशा वेळी ढगातली फाईल ढगातच राहते. म्हणून दाखल असलेल्या पेशंटांचा चार ओळींचा सारांश रोज संध्याकाळी कागदावर छापून ठेवणारा डॉक्टर मला क्लाऊडवाल्यापेक्षा हुशार वाटतो. त्याला मागासलेला म्हणतात, तो भाग वेगळा.

आणि धोका फक्त पाण्याचा नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता. तरीही देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या रुग्णालयात नोंदणी, लॅब, बिलिंग कित्येक दिवस हातानं चालू होतं. प्रत असणं वेगळं आणि ती परत उभी करणं वेगळं. किती तासांचं काम गेलं तर चालेल आणि किती तास बंद पडलं तर चालेल, हे दोन प्रश्न यंत्र घेतानाच विचारायचे असतात. आपण विचारतो, "कॅश डिस्काउंट किती?"

त्याच वर्षी आपल्या राज्यानं आणखी वेगळा पूर दाखवला. अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं चाललेली एचएमआयएस ही संगणक प्रणाली कंत्राटदाराशी पैशांवरून वाजल्यामुळं बंद पडली. ना पाऊस, ना व्हायरस. केसपेपर पुन्हा पेनानं. आपल्या नोंदींची चावी दुसऱ्याच्या खिशात असेल, तर पंचगंगेची गरजच काय?

गंमत म्हणजे या सगळ्यात पेशंट कधीच गाफील नव्हता. सीपीआर रुग्णालयाच्या आवारात सकाळी उभं राहून बघा. गगनबावड्याहून, चंदगडहून, कोकणातून आलेल्या म्हातारीच्या हातात मेडिकल दुकानाच्या नावाची पिशवी असते. तिच्यात एक्स-रे, जुना केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. घरी ती पिशवी पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर. पुराच्या पातळीच्या वर, वेगळ्या गावात, वीज-इंटरनेटशिवाय उघडणारी. सरकारनं २०२१ मध्ये 'आभा' या आरोग्य-ओळखीचा चौदा आकडी नंबर देशभर आणला. आजीनं माळा आधीच आणला होता.

कायद्यानंही काही सांगितलंय. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं सांभाळायच्या आणि मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. २०१९ मध्ये ७२ तासांत काही गल्ल्यांतलं पाणीही उतरलं नव्हतं. विमा आणि योजनांच्या क्लेमचे कागद मात्र कुठल्याही पुरात हरवत नाहीत, कारण ते त्याच संध्याकाळी पोर्टलवर चढलेले असतात. पैशाचा बॅकअप कसा ठेवायचा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

तेव्हा एक सोपी परीक्षा. मे महिन्यात, लख्ख उन्हाच्या एखाद्या दुपारी सर्व्हरची वायर काढा आणि गेल्या आठवड्यात घरी गेलेल्या एका पेशंटचं डिस्चार्ज कार्ड बॅकअपमधून काढून दाखवा म्हणा. संवाद बहुतेक असा होईल:

"काढतो की. पासवर्ड तेवढा लागंल."

"कुणाकडं हाय?"

"सॉफ्टवेअरवाल्या पोराकडं."

"आणि पोरगं?"

"ते गेलं पुण्याला, जॉब लागला त्याला."

चला, काहीतरी तरी दुसऱ्या गावात ठेवलंय.