जहाजावरचा चहा आवडला, हे लपवावं कसं?

नागपूरकडच्या कन्हानकाठच्या खाप्याहून समुद्राकडे निघालेल्या गड्याने आधी एक भीती काढून टाकावी. आपल्या गावचं पाणी तिथं कधीचंच पोचलेलं आहे. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. राहिलात फक्त तुम्ही.

अडचण समुद्राची नाहीच, अडचण दुपारी साडेतीनची आहे. हल्ली लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाचं निमित्त करून पोरं आईवडलांना क्रूझचं तिकीट काढून देतात. आई डोळे पुसते. बाप म्हणतो, “एवढा खर्च कायले केला बे?” आणि जहाजावर गेल्यावर कळतं की इथं दुपारचा चहा हा कार्यक्रम असतो. पांढरा टेबलक्लॉथ, किटली, बोटभर सँडविच, कोपऱ्यात वाजवणारी मंडळी. या कार्यक्रमाला पुरुषानेही बसायचं असतं.

पुरुषांना हे आवडतं का, असं मला चौकात बरेचजण दबक्या आवाजात विचारतात. आवडतं. फार आवडतं. पण हे खाप्यात कळलं तर पुढची नगरपरिषद निवडणूक होईपर्यंत लोकांना दुसरा विषय पुरणार नाही. म्हणून हे मार्गदर्शन. नवशिक्यांनी क्रम मोडू नये.

१. जहाज झेपेल तेच निवडा.

अगदीच कच्चा हात असेल तर मुंबईहून सुटणारी ‘एम्प्रेस’ बरी. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं हे जहाज ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने अमेरिकेत फिरलं आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया क्रूझेसकडून मुंबईहून फेऱ्या मारू लागलं. इथं चार माणसं आपली भेटतात, ‘कुठले तुम्ही?’ होतं, कोणाचा तरी साळा सावनेरला निघतो. लपायला जागा असते.

खरी परीक्षा क्युनार्ड कंपनीच्या ‘क्वीन मेरी २’ वर. २००४ पासून हे जहाज साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क अटलांटिक ओलांडतं. त्यावर क्वीन्स रूम नावाचं मोठं नृत्यदालन आहे. तिथं दुपारी साडेतीनच्या ठोक्याला पांढरे हातमोजे घातलेले वाढपी ओळीने आत येतात. आपण पांढरे हातमोजे पाहिलेले असतात ते २६ जानेवारीच्या संचलनात. त्यामुळे पहिल्या दिवशी आपला माणूस खुर्चीवरून उठून ताठ उभा राहतो. बसा. ते सलामी द्यायला आलेले नाहीत, काकडीचं सँडविच द्यायला आलेत.

२. घड्याळाचा आधार घ्या.

अटलांटिकच्या मध्यावर साडेतीन वाजतात तेव्हा खाप्यात रात्रीचे अकरा वाजलेले असतात. त्यात जहाज पश्चिमेला जात असेल तर बहुतेक रात्री घड्याळ तासभर मागे घेतात, म्हणजे दिवसच पंचवीस तासांचा. चार वाजता ‘चाय’ हा ज्याचा धर्म, त्याने चार कुठले धरायचे? हा गोंधळ देवाने दिलेला आहे, वाया घालवू नका. कोणी चहाच्या दालनात पकडलंच तर म्हणा, “झोपेचं गणित बिघडलं हो, म्हणून जरा येऊन बसलो.”

३. दारातलं वाक्य पाठ करा.

“मी नाही, ही म्हणाली म्हणून आलो.”

हे वाक्य मोठ्याने म्हणायचं, बसायच्या आधी. शेजारच्या टेबलावरचा गोरा आजोबा त्याच्या भाषेत नेमकं हेच म्हणत असतो आणि बायकोकडे बोट दाखवत असतो. दोघांनी एकमेकांकडे पाहून सहानुभूतीने मान हलवावी. तेवढ्यात तुमच्या सौ. म्हणतील, “अहो, जिन्यात तर तुम्हीच पुढं पळत होते.” उत्तर देऊ नका. समुद्राकडे पाहा. समुद्र त्यासाठीच असतो.

४. आता प्रत्यक्ष चहा.

इथं बरेच गडी गारद होतात, तेव्हा सावकाश वाचा.

वाढपी विचारेल, कुठला चहा? ‘कट’ म्हणू नका, ‘पेशल’ म्हणू नका. तो आसाम, दार्जिलिंग, अर्ल ग्रे अशी नावं घेईल. आपण लहानपणापासून उकळून पितो ती बारीक दाणेदार सीटीसी भुकटी. चहाची पानं चिरडून, फाडून, वळवायचं ते यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघालं. दूध, साखर, आलं घालून भांड्यात दोनदा वर येईस्तोवर उकळला तरी तो चहा तोंड वर काढतो, तो याच दाण्यांच्या जोरावर. जहाजावरची पानं अख्खी असतात. त्यांच्यावर गरम पाणी ओततात आणि तीन-चार मिनिटं वाट पाहतात. बस्स. उकळी नाही, आलं नाही, गॅसपाशी उभं राहून ‘अजून थोडा होऊ दे’ म्हणणारं कोणी नाही. रंग पाहून तुमचा चेहरा पडेल. (समजू शकतो. पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं.)

आसाम मागवा, त्यातल्या त्यात ओळखीचा. अर्ल ग्रे मागवायचं धाडस केलंत तर किटलीचं झाकण उघडताच थबकाल. मृगबहाराच्या संत्र्याची साल नखाने चिरडली की येतो तसा वास येईल. नाक तुम्हाला फसवत नाही. त्या चहाला बर्गामॉट नावाच्या फळाच्या सालीच्या तेलाचा वास देतात आणि ते फळ संत्र्याच्याच गोतातलं, दक्षिण इटलीत पिकणारं. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपण त्याची बर्फी केली, चहात टाकायचं काही सुचलं नाही. हे सगळं तिथं बोलू नका. बोललात की आवाजात कौतुक येतं आणि कौतुक आलं की पकडले गेलात.

दूध वेगळ्या चंबूत येईल. सगळं ओतू नका, टेबलावर आणखी माणसं आहेत.

बशीचा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. कप जड, चहा गरम, समोर छान खोलगट बशी. ओतावा का? ओता. अठराव्या शतकात इंग्रजही बशीत ओतूनच पीत असत, शिष्टाचार नंतर सुचले. फक्त ‘फुर्रर्र’ हा आवाज तेवढा दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत येऊ देऊ नका. वादक दचकतात.

५. खाणं.

सँडविचच्या कडा कापलेल्या असतात. त्या कडा कुठं जातात, असं विचारू नका. तर्री मागू नका. सांबारवडी नाही. आलूबोंडा नाही. ‘एवढुसंच?’ असं म्हणायचं आणि सहा घ्यायची.

मग येतो स्कोन. त्याला मधोमध फोडून जॅम आणि घट्ट साय लावतात. डेव्हनची माणसं आधी साय लावतात, कॉर्नवॉलची आधी जॅम. यावरून तिकडे नात्यांत वितुष्ट येतं म्हणतात. तर्री पोह्यावर ओतून आणायची की वाटीत वेगळी, या वादात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. तटस्थ राहा. एका अर्ध्यावर असं, दुसऱ्यावर तसं, आणि दोन्ही संपवा.

लाज वाटत असेल तर इतिहास आठवा. १८४० च्या सुमारास बेडफर्डची डचेस ॲना हिला दुपारचं जेवण आणि रात्रीचं उशिराचं जेवण यांच्या मध्ये पोटात खड्डा पडू लागला. तिने खोलीत चहा आणि थोडं खाणं मागवायला सुरुवात केली, मैत्रिणी बोलावल्या आणि प्रथा पडली, असं सांगतात. चार वाजता तिला जे व्हायचं तेच तुम्हाला होतं. फरक इतकाच की तिच्या नावावर प्रथा पडली, तुमच्या नावावर टपरीत उधारी.

६. खर्रा.

घरी ठेवा. हट्टाने नेलात तरी डेकवरून थुंकू नका. नीतीचा भाग सोडा. वारा तोंडावर येतो.

७. साक्षीपुरावा कसा हाताळावा?

याला पुणेरी आधार आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर मंडळींची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि शहर पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. कोणी प्यालो म्हणालं, कोणी म्हणालं आपण कप नुसता हातात घेतला. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ साली घेतलं. महाराष्ट्रात कर्त्या पुरुषांनी दुपारी चहाला बसणं हे एवढं जोखमीचं काम होतं. त्या काळी समुद्र ओलांडला तरी प्रायश्चित्त असे. जहाजावर चहा म्हणजे तर दोन्ही कलमं एकदम.

धडा असा की ‘नुसता हातात घेतला होता’ हा बचाव सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि अजून चालतो. सूनबाई व्हिडिओ काढत असेल तर कप ओठांपासून चार बोटं लांब धरा, चेहरा तहसील कार्यालयाच्या रांगेत असतो तसा ठेवा. व्हिडिओ ‘खापा मित्रमंडळ’ ग्रुपवर जाणार आहे हे गृहीत धरा.

८. सौभाग्यवती.

हा भाग अवघड आहे. काहींनी इथवर येऊन माघार घेतलेली आहे.

तुम्ही स्वतःला नवशिके समजता, पण जरा आठवा. घरी चार वाजता तुम्ही खुर्चीत बसलेले असता. हातात पेपर. कप हातात येतो, सोबत शेव किंवा दोन बिस्किटं. तुम्ही न पाहता म्हणता, “साखर कमी आहे.” साखर येते. म्हणजे टेबलक्लॉथ आणि वाजंत्री वगळता हा सोहळा तुम्ही तीस वर्षं रोज भोगता आहात. हातमोजे नव्हते, म्हणून ओळखू आला नाही.

जहाजावर बदल एकच. ती समोर बसलेली असते. स्वतःच्या आधी तिला कोणाचा कप भरावा लागत नाही, नंतर तिच्याकडे कोणी काही मागत नाही, आणि ती चहा गरम पिते. घरी तिचा कप ओट्यावर साय धरत पडलेला असतो, हे तुम्ही कधी पाहिलेलं नसतं, कारण ओटा तुमच्या खुर्चीतून दिसत नाही. आता ती किटली स्वतःकडे ओढते. दुसरा कप घेते. केक निवडायला वेळ लावते. तुम्हाला अस्वस्थ वाटू लागेल. बोट लागली असं समजून लिंबू चोखू नका, ते हे नव्हे.

सवयीने कप पुढे धरून “साखर” म्हणू नका. म्हणालात तर हातमोजेवाला येईल आणि ती जागची हलणार नाही. मग ती तुमच्याकडे पाहील. तुम्ही विचाराल, “काय झालं?” ती म्हणेल, “काही नाही. छान आहे ना चहा?” या प्रश्नाला कुठलीही तयारी उपयोगी पडत नाही. स्कोन तोंडात कोंबा आणि मान हलवा. कुठल्या दिशेने, ते ज्याचं त्याने ठरवावं.

९. गावी परतल्यावर.

पहिले आठ दिवस जपा. टपरीवर पोरं विचारतील, “काय मग भाऊ, काय म्हणते जहाजावरची चाय?” उत्तर तयार हवं: “हॅ! नुसतं गरम पाणी बाप्पा. आपल्या चायची सर नाही.” लगेच विषय रेतीघाटाच्या लिलावाकडे किंवा कापसाच्या भावाकडे वळवा. तिथं पुढचा तास बिनधोक जातो.

मात्र काही खुणा माणसाला उघडं पाडतात. टपरीवाल्याला ‘पानं कुठली?’ विचारणं. ग्लास धरताना करंगळी वर जाणं. बिस्किट चहात बुडवायच्या आधी आजूबाजूला पाहणं. सर्वांत घातक म्हणजे दुपारी साडेतीनलाच घराकडे निघणं. यातली एकही खूण दिसली की गावातले अनुभवी लोक समजून जातात. असे आपल्याकडे दिसतात त्यापेक्षा जास्त आहेत. ते एकमेकांना ओळखतात, बोलत नाहीत.

उरलेल्या शंका असतील तर पाचनंतर चौकात गाठा. साडेतीन ते साडेचार नको. त्या वेळी आमच्याकडे चहा मी ठेवतो आणि ती खुर्चीत बसून “आलं कमी आहे” म्हणते.