कुंडलिकेतली विशेष सर्वसाधारण सभा

कुंडलिकेला पूर दोन प्रकारचा येतो. एक वेळापत्रकाने, दुसरा मर्जीने.

वेळापत्रकाचा पूर वीज कंपनीचा. मुळशीच्या धरणात अडवलेलं मुळेचं पाणी बोगद्यातून आणि अजस्र नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथे मुंबईसाठी वीज करतं, मग रवाळज्याला जरा थांबून सकाळी कुंडलिकेत सुटतं. भिऱ्याची वीज १९२७ पासून चालू आहे. धरण नसतं तर हेच पाणी पुण्यात मुठेला भेटलं असतं, भीमेतून पंढरपूरला विठोबाच्या दारावरून गेलं असतं आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. त्याऐवजी ते घाट उतरून रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, गावं पाण्याखाली गेली. आणि शंभर वर्षांनी त्या पाण्यावर आमच्या कोथरूडच्या सोसायटीची वर्षासहल निघाली.

मर्जीचा पूर आषाढात येतो. त्याची जबाबदारी कुणीच घेत नाही.

सहलीला कुठे जायचं, हा विषय आमच्याकडे लिफ्टच्या दुरुस्तीनंतर सर्वांत जुना. लिफ्टचा निर्णय अजून व्हायचाय. दरवर्षी कुणी महाबळेश्वर म्हणतं, कुणी आळंदी, आणि शेवटी गच्चीवर मिसळ होते. या वेळी सेक्रेटरींच्या मुलाने 'राफ्टिंग' असा शब्द उच्चारला, आणि त्याचा नेमका अर्थ कुणाला कळायच्या आत ठराव मंजूर झाला. खजिनदारांना ते रिसॉर्टचं नाव वाटलं होतं, असं त्यांनी नंतर लेखी कळवलं.

ताम्हिणीतून उतरताना डावी-उजवीकडे इतके धबधबे होते की दहाव्यानंतर लोकांनी फोन आत ठेवले. पाऊस असा की समोरची गाडी दिसत नव्हती, फक्त तिच्या ड्रायव्हरचं मत ऐकू येत होतं. वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर काका, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, पुराचे अधिकारी जाणकार म्हणून पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी धीर दिला. म्हणाले, "१९८३ साली कोलोरॅडो नदीला महापूर आला, ग्लेन कॅन्यन धरणातून पाणी सोडावं लागलं. तर त्या पाण्यात तिघं जण लाकडी होडी घेऊन उतरले, आणि ग्रँड कॅन्यनचे २७७ मैल ३६ तास ३८ मिनिटांत पार केले! पुरात उलट लवकर पोचतो माणूस."

"कुठे पोचतो?" काकूंनी विचारलं. "एव्हरेस्ट चढलेले हिलरी १९७७ साली बोटी घेऊन गंगेतून वर निघाले होते. नंदप्रयागपाशी नदीने त्यांना परत पाठवलं. तुम्ही तर आपल्या जिन्याने सुद्धा एका दमात वर येत नाही."

कोलोरॅडोतली ती होडी क्रिस्टल नावाच्या ठिकाणी उलटली होती आणि तिघंही पाण्यात फेकले गेले होते, हा तपशील काकांनी आम्हाला परतीच्या प्रवासात दिला.

साज्याला, म्हणजे जिथून तराफे पाण्यात सोडतात तिथे, आम्हाला आधी एक कागद देण्यात आला. त्यात लिहिलं होतं की दुखापत, अपंगत्व अथवा मृत्यू ओढवल्यास सर्वस्वी जबाबदारी सही करणाराची. बहुतेकांनी बिनवाचता सही केली. सेक्रेटरी मात्र खुर्ची मागवून बसले. त्यांनी पेनने 'अथवा'खाली रेघ मारली आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "यांपैकी एकच धरायचं, की तिन्ही मिळून?" मुलगा म्हणाला, "काका, वरच्या रकान्यात फक्त रक्तगट लिहा."

मग लाइफ जॅकेट. जाहिरातीत ते नारिंगी असतं. जुलैत ते कधीच पुरतं वाळत नाही, आणि आदल्या तुकडीच्या घामाला नदीचा गाळ लागून जो दर्प तयार होतो, तो गळ्याशी घट्ट आवळून घ्यायचा असतो. पट्टे मुलगा स्वतः ओढतो. श्वास घेता येतोय असं म्हटलं की आणखी ओढतो. कारण पुढे कळलं: माणूस पाण्यात पडला की त्याला खांद्यावरच्या पट्ट्यांना धरूनच वर ओढतात, आणि जॅकेट सैल असेल तर हातात नुसतं जॅकेट येतं.

आमचा गाइड नेपाळचा, मराठी मात्र पक्की रोह्याची. वय असेल पंचविशीचं. त्याने आल्या आल्या आमच्याकडे पाहिलंच नाही. काठावरच्या एका काळ्या दगडाकडे बघत उभा राहिला. दगड कमरेपर्यंत बुडालेला. पाणी गढूळ, भरपूर दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं, आणि काठावरची करवंदीची जाळी नदीत उभी.

"तो दगड दिसतो तोवर जायचा," तो म्हणाला. "नाय दिसला तर भजी खायाची."

एवढीच त्याची मार्गदर्शक तत्त्वं. इंजिनिअर काकांनी विसर्ग किती क्युसेक आहे, अशी चौकशी केली. गाइड म्हणाला, "अर्धा दगड."

एरवी कुंडलिका ही सभ्य नदी. नद्यांच्या खळाळाची पहिलीपासून सहावीपर्यंत श्रेणी लावतात. पहिलीत लहान मुलं डुंबतात आणि सहावीत शहाणी माणसं काठावरून फोटो काढतात. कुंडलिका बहुधा दुसरी-तिसरीत असते. साधारण बारा किलोमीटरचा टप्पा, मधे डझनभर खळाळ, त्यांना 'गुड मॉर्निंग'पासून 'राजधानी एक्स्प्रेस'पर्यंत नावं. पुरात या वर्गवारीला फारसा अर्थ उरत नाही. काही खडक पार बुडतात आणि त्यांच्यावरचा नावाजलेला खळाळ सपाट होतो, तर जिथे काल काहीच नव्हतं तिथे आज भोवरा उघडतो. काठाला एरवी पाणी उलटं फिरून संथ होतं, तराफा तिथे घालून दम खाता येतो. पुरात त्या जागा धुऊन जातात. म्हणजे थांबायचं मनात आलं तरी थांबायला जागा नाही.

अशा वेळी काय करायचं, ते गाइडने आम्हाला चार वाक्यांत सांगितलं. पाय समोरच्या रबरी नळीखाली रुतवून ठेवा. वल्ह्याच्या वरच्या मुठीवरचा हात सोडू नका, नाय तर शेजारच्याचे दात जातात. पडलात तर पाठीवर तरंगा, पाय पुढे, अंगठे पाण्यावर दिसले पाहिजेत. आणि उभं राहायचं नाही, कंबरभर पाणी असलं तरी नाही, कारण दोन दगडांत पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला तोंडावर आडवं पाडतं आणि उठू देत नाही.

"आणि ती मोठी लाट आली तर?" काकूंनी विचारलं.

"लाटंला घाबरू नका काकू. लाट सोडते. झाड सोडत नाय."

तो हे हसत म्हणाला नाही. पुरातली नदी पात्र सोडून झाडांत शिरते. पाणी फांद्यांमधून निघून जातं, माणूस तिथे गाळला जातो. खाली कोलाडकडे डोलवहालचा बंधारा आहे. तिथवर तराफा नेत नाहीत, तेही अशाच हिशेबाने. बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी तळाशी उलटं फिरतं आणि आत आलेल्याला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याच्या पायथ्याशी आणतं. वरून पाहिलं तर पांढऱ्या फेसाची एक सरळ, शांत रेघ दिसते. धबधब्यात सेल्फी काढणाऱ्या आपल्या जनतेला फेस म्हणजे निरुपद्रवी वाटतो. फेसात निम्मी हवा असते आणि हवेवर माणूस तरंगत नाही, हे शाळेत शिकवायला हवं.

निघालो. पहिली पाच मिनिटं तराफ्यावर नेहमीची सभा चालू होती. "फॉरवर्ड!" गाइड ओरडला. सेक्रेटरी म्हणाले, "एक मिनिट, आधी डावी बाजू की उजवी?" खजिनदार म्हणाले, "मागे बसलेले मारतच नाहीयेत." इंजिनिअर काका प्रवाहाच्या कोनाबद्दल बोलत होते. आठ वल्ही आठ दिशांना चालली होती, आणि तराफा त्या सगळ्यांचा मान राखत जागच्या जागी गोल फिरत खाली निघाला होता.

मग समोरची नदी एकाएकी संपली. म्हणजे तिथवर पाणी दिसत होतं, त्यापुढे नुसता आवाज. "फॉरवर्ड! जोरात!" आणि माझ्या माहितीत प्रथमच आमच्या सोसायटीने एका आवाजात, विनाचर्चा, विनाअनुमोदन, एखादी गोष्ट केली. आठही वल्ही एकदम पाण्यात गेली. पुढचं टोक खाली गेलं, मग वर, इतकं वर की पुढे बसलेल्या सेक्रेटरींच्या बुटांचे तळवे मला दिसले. त्यांवर किमतीचं लेबल तसंच होतं. पाण्याची भिंत आली, ती नाका-तोंडात, कानात आणि जॅकेटच्या आत गेली, आणि आम्ही पलीकडे होतो. "बॅक!" आठही वल्ही उलटी. "स्टॉप!" स्टॉप. कुणीही उपसूचना मांडली नाही.

पुढचा तासभर असाच गेला. 'अथवा'खाली रेघ मारणारा माणूस पंचविशीच्या पोराचं प्रत्येक अक्षर झेलत होता. काकू आरोळ्या ठोकत होत्या. अधूनमधून नदी जरा रुंद व्हायची, तेव्हा मान वर करायला सवड मिळे. दोन्ही बाजूंना सह्याद्रीच्या कड्यांवरून पाण्याचे दोर लोंबत होते, ढग इतके खाली की वल्ह्याने ढोसावेत, आणि भातखाचरात आवणी करणाऱ्या बाया इरल्याखालून आमच्याकडे बघत होत्या. त्यांच्यातली एक दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. काय म्हणाली असेल याचा अंदाज मला आहे. मार्च २०१७ मध्ये याच भिऱ्यात ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. ज्याने कुणी ती नोंद केली त्याला तो जुलैतला दिवस दाखवला असता, तर त्याने नोकरी सोडली असती.

खजिनदार पडले ते एका बिननावाच्या भोवऱ्यात. नावाजलेले सगळे खळाळ आम्ही छाती काढून पार केले होते. इथे तराफा फक्त कचकन थांबला. आम्ही थांबलो, खजिनदार थांबले नाहीत. पुढच्या क्षणी त्यांच्या जागी त्यांचं वल्हं होतं. मग दहा हातांवर नारिंगी जॅकेट वर आलं, त्यात ते होते, आणि शिकवल्याप्रमाणे दोन्ही अंगठे पाण्यावर. चष्मा नव्हता. गाइडने पिशवीतला दोर फेकला, तो त्यांच्या छातीवरच पडला. त्यांनी तो धरला आणि मग, मी स्वतः पाहिलं, सवयीने दोराची जाडी बोटांनी चाचपली.

ओढून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. खांद्याचे पट्टे धरायचे, गुडघे तराफ्याच्या कडेला टेकवायचे, माणसाला आधी जरासं पाण्यात खाली दाबायचं आणि तो वर उसळला की मागे पडायचं. म्हणजे तो अंगावर येतो. खजिनदार वजनाने भरीव आहेत. ते माझ्या पोटावर पालथे पडून खोकत होते, त्यांच्या मिशीतून कुंडलिका गळत होती, आणि पहिलं वाक्य ते बोलले ते असं: "सगळे आहेत ना? मोजा."

सोसायटीच्या आठ वर्षांच्या हिशेबांत मी त्यांच्यावर इतका विश्वास कधी ठेवला नव्हता.

काठाला लागल्यावर अंगात जे काही संचारतं, ते फार धोकादायक असतं. नदीपेक्षाही. दात वाजत होते, पण प्रत्येक जण छाती फुगवून चालत होता. इंजिनिअर काकांनी प्रस्ताव मांडला की जीप आहे, वेळ आहे, तर पुन्हा एक फेरी. सेक्रेटरींनी अनुमोदन दिलं. खजिनदारांनी, चष्मा नसल्याने समोर कोण आहे हे नीटसं न कळता, सवलतीचा दर विचारला. काकूंसकट सगळ्यांचे हात वर. आमच्या इतिहासातला दुसरा एकमताचा ठराव, तोही एकाच दिवशी.

गाइडने वर साज्याला फोन लावला. "दगड?" एवढंच विचारलं. ऐकलं. फोन खिशात ठेवला आणि तराफ्याची हवा सोडायला घेतली.

"अरे पण आम्ही पैसे देतोय," सेक्रेटरी म्हणाले.

"भजी खावा, काका."

दहा-पंधरा मिनिटांनी नदीतून एक अख्खं झाड गेलं. मुळांसकट, पानं हिरवीगार, आडवं. ते आमच्या उतरण्याच्या जागेवरून इतक्या वेगाने गेलं की 'झाड' असं म्हणेपर्यंत वळणापलीकडे होतं. कुणी काही बोललं नाही. काकूंनी भजीची ऑर्डर वाढवली.

जेवणाला तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि सुकटीची चटणी होती, शाकाहाऱ्यांसाठी तीच चटणी वगळून. पहिल्या घासाबरोबर सभा पूर्ववत सुरू झाली. डावी बाजू नीट मारत नव्हती, असं उजव्या बाजूचं म्हणणं. भोवऱ्यात 'बॅक' म्हटलं होतं की 'फॉरवर्ड', यावर दोन गट पडले. इंजिनिअर काकांच्या मते चूक गाइडची होती, काकूंच्या मते काकांची. गाइडला साक्षीला बोलावलं. तो लांब ओसरीवर ताट घेऊन बसला होता. त्याने तिसरी भाकरी मागितली आणि आमच्याकडे पाठ केली.

पुढच्या मासिक सभेत सहलीचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. त्यात 'सभासदांनी नौकानयनाचा लाभ घेतला' एवढंच आहे. चष्म्याच्या भरपाईचा अर्ज खजिनदारांनी स्वतःच दिला होता. तो खजिनदारांनीच, नियमात बसत नसल्याने, नामंजूर केला आणि मग त्या निर्णयावर सेक्रेटरींकडे अपील दाखल केलं. लिफ्टनंतर घेऊ, असं ठरलंय.