निर्गुण, निराकार शेठ

शेजारच्या काकूंचा मुलगा एका कंपनीत भागीदार झाला, ही बातमी गोडदेव नाक्यापर्यंत पोहोचायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. काकूंनी पेढे वाटले. पेढा तोंडात टाकून मी विचारलं, "भागीदारी किती टक्क्यांची रे?"

"काका, बाईक माझी, पेट्रोल माझं, पंक्चर माझं. पावसात घसरलो तर गुडघाही माझाच."

"मग कंपनीचं काय?"

"पाठीवरची पिशवी. तिचेही पैसे कापले."

त्याचे वडील भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या ताटांत स्वतःचं तोंड बघायचं आणि घरी येऊन शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पगार तुटपुंजाच, पण शिव्या द्यायला शेठ तरी होता. मुलाचा शेठ निर्गुण, निराकार. गावाच्या नावातच देव, त्यामुळे आम्हाला हे नवं नाही म्हणा. पण आमच्या देवाला नवस बोलता येतो, हा नुसते स्टार मोजतो. मागच्या महिन्यात पोराची आयडीच बंद झाली. का, म्हणून विचारलं, तर यंत्र वदलं : 'तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.'

माथाडी हमालालाही एकच एक मालक कुठे होता? आज या पेढीवर पोती, उद्या त्या. तरी अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा आला. मंडळात नोंदणी, मालकाकडून मजुरीवर लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, सुट्टीचा पगार. आणि हे सगळं जाडजूड वह्यांत, शाईने. आज पोरगं कोणत्या गल्लीत किती मिनिटं थांबलं हे मोबाइलला कळतं. ते नोकर कोणाचं, तेवढंच कळत नाही.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा डिलिव्हरी ॲपवाल्या कंपन्यांना वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के कामगारांसाठी द्यायला सांगितलं. तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांच्या आत. संहिता लागू झाली 21 नोव्हेंबर 2025 ला. दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते, कायद्याला पाच वर्षं लागली. त्याबद्दल कोणाचा स्टार कापल्याचं ऐकिवात नाही.

परवा वडिलांनी विचारलंच, "तुझा शेठ दाखव बघू." पोराने मोबाइल पुढे केला. आयडी बंद, पडदा काळा. त्यांनी जुन्या सवयीने सदऱ्याच्या टोकाने काच लख्ख पुसली, आत डोकावले आणि म्हणाले, "ह्यातपण माझंच तोंड दिसतंय की रे!"